लेखी दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावी काही वर्षांपूर्वी महामार्गाच्या रुंदीकरणाची नोटीस आली. काकूच्या सामाईक सातबाऱ्यावरची काही गुंठे जागा रस्त्यात जाणार होती. काकूने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सरकारान मागल्यान तर नाय कसा म्हणूचा?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला की अंगणातलं वाळवण उचलायचं, तसं सरकार आलं की जमीन सोडायची, अशी तिची समजूत होती. त्या एका प्रश्नात मला आपल्या राज्यघटनेचं सगळं काम दिसलं. राजाने मागितलं की द्यायचं, ही शेकडो वर्षांची सवय मोडण्यासाठीच तर ती लिहिली गेली. सरकारला जमीन घेता येते, पण 'मला हवी' एवढं म्हणून घेता येत नाही. कलम ३०० क सांगतं की, कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे आधी विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा हवा, त्या कायद्यातली रीत पाळायला हवी आणि ती पाळली की नाही हे न्यायालयाला तपासता यायला हवं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला २१ दिवस दिलेले आहेत. आमच्याकडे तो कागद ट्रंकेत ठेवल्याला तोवर १५ दिवस झाले होते.

मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्क होता, हे ठाऊक असलेले श्रोते असतील. जमीनसुधारणांच्या कायद्यांशी त्याचा वारंवार झगडा झाला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला. खोतीचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचा, काच सोसलेल्या कोकणाला त्यामागचं कारण वेगळं समजावून सांगायला नको. हा हक्क आजही घटनेत आहे, फक्त त्यासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या माणसाला त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. गरिबाच्या हक्कात एसटीच्या तिकिटाचाही हिशेब असतो, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

आता थोडं उत्तरेला, महाडला जाऊया. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि तळ्याची वाट बंदच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो. पण त्यानंतर न्यायालयात जे चाललं त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

काही सवर्ण मंडळी दाव्यात उतरली. त्यांचं म्हणणं असं, की तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. दावा खालच्या कोर्टातून वर चढत १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला. बाबासाहेबांची बाजू जिंकली. का जिंकली? तर वहिवाट तितकी प्राचीन असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही म्हणून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. म्हणजे ती वहिवाट खरंच तितकी जुनी ठरली असती, तर? माणसाला पाणी पिता येईल की नाही हे रूढीच्या वयावर ठरत होतं!

२६ जानेवारी १९५० पासून तो प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही. रूढी हजार वर्षांची असो की कालची, मूलभूत हक्कांच्या आड आली तर कलम १३ प्रमाणे ती निरर्थक. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते नावानिशी लिहिले आहेत. देशाच्या राज्यघटनेत 'विहीर' हा शब्द का यावा, हे ज्याला महाड माहीत आहे त्याला बरोबर कळतं. हे कलम दुकानदाराला, हॉटेलवाल्याला आणि गावकीलाही लागू होतं. मूलभूत हक्क फक्त सरकारशी वागायला आहेत असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे पोटकलम एकदा वाचावं.

पण सरकारलाच घटना बदलायची असेल तर? या प्रश्नाशी आमच्या जुन्या राजापूर मतदारसंघाचं नातं फार जवळचं आहे. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. तेव्हा वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै आमचे खासदार होते. त्यांनी खासगी विधेयक आणलं आणि मांडलं की, लोकांनी निवडलेल्या संसदेला घटनेचा कोणताही भाग बदलता आला पाहिजे. नाथ पै हे स्वातंत्र्यावर जीव टाकणारे माणूस होते आणि त्यांचा भरवसा लोकांवर होता. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी २४ व्या दुरुस्तीने संसदेला तो अधिकार मिळाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी झाली आणि ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने ठरलं, की संसदेने घटना जरूर बदलावी, पण तिचा मूलभूत ढाचा, म्हणजे ज्यावर ती उभी आहे ती चौकट, मोडू नये.

नाथ पैंच्या जागी मधू दंडवते निवडून आले होते. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. दंडवते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते, तिथेच त्यांना अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. राजापूरच्या मतदारांचा खासदार कोठडीत, आणि का, ते विचारायला दार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं की, स्थानबद्धाला अटकेविरुद्ध दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयात न्या. ह. रा. खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस मारला, तरी दाद नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. एकट्या खन्नांनी विरोधात निकाल लिहिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो चौघांचा निकाल चुकीचा ठरवला.

दंडवते सुटले, पुन्हा निवडून आले, रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या सरकारच्या काळात झालेल्या त्याच ४४ व्या दुरुस्तीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जीविताचं व व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण, स्थगित करता येणार नाही. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित करायची नाही.

लेखी. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. काकूला मी हेच सांगितलं होतं. आम्ही उरलेल्या दिवसांत हरकत दिली, पोच घेतली. पुढे संयुक्त मोजणीचा तक्ता आला त्यात हापूसची तीन कलमं दाखवली होती. परड्यात पाच उभी होती, आणि गडग्याला लागून विहीर होती ती तक्त्यात नव्हतीच. आम्ही पुन्हा अर्ज केला.

फेरमोजणीला माणसं आली तेव्हा काकू कामाचं लुगडं बदलून आली. ती एकेका कलमाच्या बुंध्याला हात लावत गेली आणि माझा पुतण्या मोठ्याने आकडा म्हणत गेला. विहिरीपाशी ती थांबली, टेप पूर्ण लागेपर्यंत हलली नाही. शेवटी पंचनाम्याचा कागद सहीसाठी पुढे आला. काकूला वाचता येत नाही. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वाचून दाखवा, मगे सय करतंय."

साहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.