रातपाळीची वही

[दृश्य : लोअर परळ, रात्र. काचेच्या इमारतीमागे जुन्या गिरणीची चिमणी.]

रात्रीचे पावणेदोन. १९८२च्या संपानंतर या भागातले भोंगे एकेक करून बंद पडत गेले. रातपाळी मात्र गेलेली नाही.

सातव्या मजल्यावरची एकच खोली उजळलेली. इथे बसतात त्या सिस्टीम अ‍ॅडमिन. कंपनीचे संगणक चालते ठेवणं हे त्यांचं काम. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणतात. गिरणीत माग चालवणाऱ्या साचेवाल्याची मुलगी. माग आणि संगणक यांची तुलना करायचा मोह आम्हाला झाला होता. ताईंनीच मोडता घातला. "बाबांना कमी ऐकू यायचं, माझी मान दुखते. एवढंच साम्य."

[दृश्य : टेबलावर वही. पानं उलटणारे हात.]

वही नीट बघा. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी मांडतात तसली. प्रत्येक पानावर एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी. काही दहा ओळींच्या, बऱ्याचशा एकाच ओळीच्या. आज्ञा निळ्या शाईत, इंग्रजीत. समासात लाल शाई, मराठी : हे का लिहावं लागलं. स्क्रिप्ट काय, कुठूनही मिळते. समास मिळत नाही.

[दृश्य : पडद्यावर लाल इशारा. शेजारी नवा मुलगा, हातात कटिंग.]

डिस्क भरली. ताई पान चौदा उघडतात.

'डीएफ' ही आज्ञा म्हणते, शंभर टक्के भरली. 'डीयू' फोल्डरमागून फोल्डर मोजत जाते आणि तिची बेरीज सत्तरावर थांबते. मग उरलेली जागा खाल्ली कुणी? मुलगा दोन्ही आज्ञा पुन्हा चालवतो. आकडे तेच.

झालंय असं, की कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, पुसली. पण तीत लिहिणारा प्रोग्रॅम अजून चालूच आहे. लिनक्समध्ये, म्हणजे या संगणकांच्या कार्यप्रणालीत, फाइल पुसणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. आतला भाडेकरू उठत नाही तोवर खोली मोकळी होत नाही, हे गिरणगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पान चौदावरची ओळ 'एलएसओएफ'ला विचारते : पाटी नसलेल्या खोल्यांत कोण राहतंय? प्रोग्रॅमचा क्रमांक समोर येतो. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते.

समासात : "चालू लॉग पुसू नये. रिकामा करावा."

[दृश्य : त्याच ओळीतली उभी रेघ, मोठी करून.]

ही रेघ म्हणजे पाइप. एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या तोंडात ओतणारी. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४मध्येच लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या रबरी नळीसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३मध्ये केन टॉम्पसन यांनी ती सोय लिनक्सच्या पूर्वजात, युनिक्समध्ये, आणली. मे महिन्यात सोसायटीच्या दारात टँकर आलेला पाहिला असेल, तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

[दृश्य : पडद्यावर फक्त एवढंच : ३० २ * * *]

पाच खाने. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रोज पहाटे अडीचला. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या या क्रॉनला ताई भोंगा म्हणतात. भोंग्याच्या दोन खोडी वहीत दोनदा अधोरेखित आहेत. एक, तुमच्या खिडकीत चालणारी आज्ञा त्याला सापडेलच असं नाही, तिचा पुरता पत्ता लिहून द्यावा. दोन, टक्क्याचं चिन्ह. बॅकअपच्या नावात तारीख घालायला ते लागतंच, आणि क्रॉन ते दिसताच ओळ तिथे तोडतो. आधी उलटी तिरकी रेघ हवी. हाताने चालवलं तर सगळं सुरळीत, रात्री मात्र बॅकअप नाही.

[दृश्य : पान एकतीस. काळी चौकट.]

पुसायच्या स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खुणेचं, नाव लिहिताना एक अक्षर चुकलं. आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलने मुकाट्याने तिथे रिकामी जागा धरली, आणि आज्ञा मुळापासून पुसत गेली. तीन दिवसांचे व्यवहार गेले, दोघांची नोकरी गेली. तेव्हापासून स्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या 'सेट'च्या ओळीत 'यू' असतोच. न ठरवलेलं नाव आलं, की स्क्रिप्ट जागीच थांबते.

[दृश्य : रविवार, दादर. वाचनालय. दिवाळी अंकांचे गठ्ठे, स्कॅनरचा उजेड.]

हे काम बिनपगारी. अंकांच्या फाइलींना नावं मराठीतच द्यायची, हा ताईंचा हट्ट, आणि आम्हालाही तो पटतो. अडचण एकच : लिनक्समध्ये फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइट, म्हणजे साठवणीची छोटी मापं, मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. 'श्री' दिसतो एक, पण श, हलन्त, र आणि वेलांटी मिळून बारा बाइट खातो. लांबलचक विशेषांकाचं नाव मग मधेच अडतं. वहीतली चार ओळींची स्क्रिप्ट आधी बाइट मोजते, मगच नाव देते. अक्षरं बाइटांत साठवायची ही पद्धत, यूटीएफ-८, १९९२मध्ये त्याच टॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली.

[दृश्य : पुन्हा ऑफिस. २:३०. पडद्यावर ओळी सरकू लागतात.]

भोंगा झाला. बॅकअप सुरू.

ताई वही मुलाकडे सरकवतात. "आजचं तू लिही."

"इंग्लिशमध्ये चालेल?"

ताई लाल पेन पुढे करतात.

[दृश्य : मुलाचा हात. कोरा समास. शाई उमटत नाही. तो पेन झटकतो, पुन्हा टेकवतो. निवेदन नाही.]