हापशीजवळ मोजलेला आकडा

मित्रहो, आणि गावोगावी पाणी तपासण्याचं काम करणाऱ्या ज्या ताई आज मुद्दाम वेळ काढून आल्या आहेत त्या सगळ्याजणी, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे एका गावात पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. हापशीचं पाणी काचेसारखं नितळ, थंड, चवीला गोड. जवळची जुनी विहीर लोकांनी सोडून दिली होती, कारण तिचं पाणी गढूळ दिसायचं. एका आजीने नातवाला माझ्यासमोर उभं केलं, त्याचा ओठ वर करून दात दाखवले आणि विचारलं, "पाणी त गोड हाय सर, मंग पोराचे दात असे काहून?" दातांवर तपकिरी पट्टे होते. मी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, शहरात आणून प्रयोगशाळेत दिल्या. उत्तर आलं तीन आठवड्यांनी. फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं. मी फोन करून कळवलं, पण तोवर त्या घरात त्याच हापशीच्या साठ-सत्तर घागरी पिऊन संपल्या असतील.

तेव्हापासून माझ्या कामाचा प्रश्न एवढाच राहिला आहे : तो आकडा त्याच दिवशी, त्याच हापशीजवळ, त्या आजीच्या डोळ्यांदेखत का मिळू नये?

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. शिशाचं आणि आर्सेनिकचं तेच. उकळून, गाळून काही कळत नाही. मात्र हे पदार्थ पाण्यात विरघळतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्यावर विद्युतभार असतो, आणि योग्य विद्युतदाब दिला की त्यातले काही इलेक्ट्रॉन घेतात किंवा देतात. इलेक्ट्रॉनची ही देवघेव म्हणजेच प्रवाह, आणि प्रवाह मोजणं आज फार स्वस्त झालं आहे. १९२२ साली प्राग शहरात यारोस्लाव हेरोव्स्की यांनी टपटप पडणाऱ्या पाऱ्याच्या थेंबांवर विद्युतदाब बदलत नेला, प्रवाहाची नोंद घेतली आणि द्रावणात कोणता धातू किती आहे ते त्यावरून ओळखता येतं हे दाखवलं. त्यासाठी १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढची सगळी घरं याच पायावर उभी आहेत.

त्यातलं सगळ्यात यशस्वी घर तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. साखर तपासायची पट्टी. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर, म्हणजे द्रावणात बुडणाऱ्या, प्रवाह नेणाऱ्या टोकावर, ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसवण्याची कल्पना मांडली. हे विकर फक्त ग्लुकोजला हात घालतं, बाकी कोणाला ओळखत नाही. पण त्या साखरेकडून मिळालेले इलेक्ट्रॉन त्याच्या पोटात खोलवर असतात, ते इलेक्ट्रोडपर्यंत आणायला मध्ये एक निरोप्या लागतो. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या मंडळींनी फेरोसीन या लोह असलेल्या पदार्थाची संयुगं त्या कामाला लावली, आणि १९८७ मध्ये पेनाएवढं यंत्र बाजारात आलं. आज खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही पट्ट्या मिळतात.

मग लोक मला विचारतात, साखरेची पट्टी झाली तर शिशाची का नाही? हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी थोडा हिशेब करू. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोल. दोन्हींत जवळजवळ एक लाख पटींचा फरक आहे. पट्टीवर १०० मायक्रोलिटर पाणी, म्हणजे मोठे दोन थेंब टाकले, तर त्यात सगळं मिळून एक नॅनोग्रॅम शिसं. त्यातला प्रत्येक अणू इलेक्ट्रोडवर आणला तरी मिळणारा विद्युतभार एक मायक्रोकूलॉमच्याही आत. सरळ मोजायला गेलं तर हा प्रवाह पाण्यातल्या इतर गडबडीत बुडून जातो.

यावरचा उपाय मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटतो. लहानपणी आपल्याकडे मातीचा गल्ला असायचा. त्यात रोज एक नाणं पडायचं. एका नाण्याने काही विकत येत नाही, पण सहा महिन्यांनी गल्ला फोडला की सगळी चिल्लर एकदम हातात. इलेक्ट्रोडवर आपण हेच करतो. आधी दोन-तीन मिनिटं उणे दाब धरून ठेवायचा. पाण्यातलं शिसं हळूहळू धातू होऊन इलेक्ट्रोडवर साचतं. मग दाब धनाकडे नेत जायचं. एका ठरावीक टप्प्यावर, साधारण उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास, साचलेलं सगळं शिसं एकदम सुटतं आणि आलेखावर शिखर उभं राहतं. कॅडमियमचं शिखर त्याहून आणखी उणे बाजूला येतं, म्हणून दोघांची सरमिसळ होत नाही. मिनिटांची कमाई क्षणात खर्च होते, त्यामुळे प्रवाह मोजण्याइतका मोठा होतो.

पूर्वी हा गल्ला पाऱ्याचा असायचा. विष मोजायला विषच वापरायचं आणि ते गावात सांडायची भीती बाळगायची, हे काही चालण्यासारखं नव्हतं. २००० मध्ये जोसेफ वांग यांच्या गटाने पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर चालतो हे दाखवलं. बिस्मथ पोटाच्या औषधातही असतो, तितका निरुपद्रवी. माझ्या मते स्वस्त सेन्सर खऱ्या अर्थाने घराबाहेर पडले ते त्या वर्षापासून.

पट्टी कशी बनते? लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान तालुक्याला असतंच. तीच जाळी, तीच रबरी पट्टी, फक्त शाई कार्बनची. प्लास्टिकच्या किंवा जाड कागदाच्या तुकड्यावर तीन रेघा छापायच्या : एकीवर मोजमाप होतं, दुसरीतून प्रवाह परत जातो, आणि तिसरी चांदी-सिल्व्हर क्लोराइडची, जिच्या तुलनेत दाब ठरतो. आमची मुलं तर शाळेच्या पेन्सिलीतल्या शिशावरही प्रयोग करतात. नाव शिसं असलं तरी ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती आहे, आणि इलेक्ट्रोड म्हणून उत्तम चालतं. यंत्राचंही तसंच. २०१४ मध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या हार्वर्डमधल्या गटाने सुमारे २५ डॉलरमध्ये एक हातात मावणारा मापक बनवला. तो रक्तातली साखर, पाण्यातले जड धातू, लघवीतलं सोडियम, मलेरियाचं प्रतिजन असं सगळं मोजायचा आणि आकडे आवाजात बदलून साध्या फोनच्या कॉलवरून दूरच्या संगणकाकडे पाठवायचा. इंटरनेटची गरज नव्हती.

इथपर्यंत ऐकून वाटतं, काम झालंच. आता मी माझ्या मनातलं सांगतो. पट्टी स्वस्त करणं हे या कामातलं सोपं पान आहे. अवघड आहे तो तिच्यावरचा भरवसा, आणि माझी बहुतेक वर्षं त्यातच गेली.

तिसरी रेघ घ्या. प्रयोगशाळेत तिच्याभोवती क्लोराइड ठरावीक असतं. पट्टीवर मात्र ती थेट नमुन्याच्या पाण्यात बुडते. एका गावचं पाणी गोडं, दुसऱ्या गावचं मचूळ. क्लोराइड दहापट बदललं की संदर्भाचा दाब ५९ मिलिव्होल्टने सरकतो, आणि शिखर भलत्याच जागी दिसतं. उपाय साधा आहे : प्रत्येक नमुन्यात ठरलेलं मीठ आधी मिसळायचं. तो साधा आहे म्हणूनच प्रशिक्षणात राहून जातो. ताई, हे वाक्य मात्र वहीत लिहून घ्या.

दुसरी अडचण अशी की पाण्यात कुजलेल्या पानांचा अंश, साबण, शेवाळ असतं. ते इलेक्ट्रोडवर बसतं, शिखर खुजं होतं, आणि विषारी पाणी चांगलं ठरतं. हे कसं पकडायचं? स्वयंपाक करणाऱ्याला ते ठाऊक आहे. आमटी चाखली, चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा चाखली. किती घातल्यावर चव किती वाढली यावरून आधी किती होतं ते समजतं. आपणही त्याच पाण्यात मोजून-मापून शिशाचं प्रमाणित द्रावण घालतो आणि पुन्हा मोजतो. शिखर अपेक्षेपेक्षा कमी वाढलं तर पाण्यातलं काहीतरी पट्टीला दाबतंय हे कळतं, आणि हिशेब आपोआप दुरुस्त होतो. एका तपासणीला दोन-तीन पट्ट्या जातात. जाऊ द्यात.

कारण चुकीचा आकडा आकडा नसण्यापेक्षा वाईट असतो. बांगलादेशात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ५० लाख कूपनलिका आर्सेनिकसाठी तपासल्या, सुरक्षित ती हिरवी, असुरक्षित ती लाल अशा रंगवल्या. तपासणी कागदावरच्या डागाचा रंग जुळवून व्हायची. फार मोठं आणि गरजेचं काम होतं ते, त्याने असंख्य लोक वाचले. पण मर्यादेच्या जवळपासच्या काही नळांना चुकीचा रंग लागला, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आणि हिरव्या रंगाच्या नळावर कोण शंका घेणार? साखरेच्या पट्टीचीही एक गोष्ट आहे. काही पट्ट्यांत वेगळं विकर असायचं, आणि ते माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजायचं. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या ज्या रुग्णांच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन हा पिष्टमय पदार्थ होता, त्यांच्या रक्तात माल्टोज तयार व्हायचं. यंत्र साखर जास्त दाखवायचं, प्रत्यक्षात ती कमी असायची, आणि इन्शुलिन दिलं जायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये सूचना काढली तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद झाली होती. हे मी घाबरवायला सांगत नाही. पट्टी कशाला फसते हे शोधून काढणं, हे ती बनवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, म्हणून सांगतो.

आता आपल्या फ्लोराइडकडे येतो. त्याची तऱ्हा वेगळी. फ्लोराइड इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, म्हणून गल्ल्याची युक्ती इथे चालत नाही. इथे प्रवाहाऐवजी दाब मोजायचा. १९६६ मध्ये अमेरिकेत फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक वापरून इलेक्ट्रोड बनवला. त्या स्फटिकातून फ्लोराइडचेच आयन सरकू शकतात. फ्लोराइड दहापट वाढलं की दाब ५९ मिलिव्होल्टने बदलतो, पण हे २५ अंशांना. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना तोच फरक ६३ होतो. आपल्या मानकानुसार फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. या दोन आकड्यांत अंतर किती? जेमतेम १० मिलिव्होल्ट. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे ४ टक्क्यांची चूक. म्हणून प्रमाणित द्रावणाची बाटली आणि नमुन्याची बाटली एकाच सावलीत अर्धा तास शेजारी ठेवायची, मगच मोजायचं. पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतात, म्हणून ते सोडवणारं बफर द्रावण आधी मिसळायचं. हा इलेक्ट्रोड पट्टीइतका स्वस्त नाही. पण नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो, आणि एका तपासणीचा खर्च अगदी किरकोळ उरतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी शिकवायची असं ठरलं आहे. त्यांच्या हातात आज बहुतेक ठिकाणी रंग जुळवायची पेटी आहे. १.० आणि १.५ मधला फरक डोळ्याने, संध्याकाळच्या उजेडात ओळखा असं त्यांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या हातात आकडा दाखवणारं साधन द्या.

शरीरातल्या द्रवांबद्दल थोडंसं. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे आधी आम्लाने पेशी फोडाव्या लागतात. बोटातून घेतलेल्या ५० मायक्रोलिटर रक्तावर, सोन्याचे कण असलेल्या पट्टीवर, तीन मिनिटांत शिसं सांगणारं यंत्र आज अस्तित्वात आहे. आत तोच गल्ला. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे. जुन्या बॅटऱ्या फोडणारी वस्ती, भेसळीच्या हळदीतला शिशाचा पिवळा रंग, अशा वाटांनी ते शरीरात येतं. लघवीतही फ्लोराइड मोजता येतं, आणि अलीकडे ते किती पोटात गेलं याचा अंदाज त्यावरून येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. नवकांत भट यांच्या गटाने रक्त आणि लघवीतले अनेक घटक एकाच हातयंत्रावर मोजण्याचं काम केलं आहे. असं काम आपल्या भागातल्या महाविद्यालयांतही व्हावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्याला लागणारी पोरं आपल्याकडे आहेत.

बोलणं इथे थांबवतो. तुम्हाला येताना पाण्याची बाटली आणायला सांगितलं होतं. इलेक्ट्रोड सकाळीच प्रमाणित द्रावणांवर लावून ठेवला आहे, आणि सगळ्या बाटल्या गेला तासभर त्याच टेबलावर, त्याच सावलीत आहेत. एकेकाने पुढे यावं, गावाचं आणि हापशीचं नाव सांगावं, आकडा स्वतः वाचावा आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहावा. पहिली बाटली कोणाची?