मागचे पाय लुळे असलेला कुत्रा दत्तक घेण्यापूर्वी

नमस्कार. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेला भटका कुत्रा सहसा जिथून उचलला, तिथेच परत सोडला जातो. पण गाडीने उडवल्यामुळे मणक्याला मार बसून ज्याचे मागचे पाय लुळे पडले आहेत, त्याला रस्त्यावर परत कसे सोडणार? असा कुत्रा निवाऱ्यातच राहतो आणि दत्तक घ्यायला आलेली मंडळी हळहळून पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. त्याला घरी न्यावे, असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्याशी मला आज बोलायचे आहे.

सर्वांचे लक्ष त्याच्या पायांकडे जाते. माझ्या मते मात्र पहिला प्रश्न लघवीचा विचारायला हवा. ज्या मज्जारज्जूला इजा झाल्याने पाय हलत नाहीत, त्याच्यावरच मूत्राशयाचा ताबाही अवलंबून असतो. त्यामुळे अशा अनेक कुत्र्यांचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते आणि त्या कामाला ना रविवारची सुट्टी असते, ना दिवाळीची. लघवी थेंबथेंब गळते, म्हणजे मूत्राशय रिकामे होत असणार, असे समजू नका. पुष्कळदा ते तुडुंब भरल्यामुळेच गळत असते, आणि तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो.

आता माझ्या हातांकडे पाहा. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या किंचित पुढे, सपाट ठेवायचे. भरलेले मूत्राशय आत पाण्याच्या फुग्यासारखे हाताला लागते. बोटे न रुतवता दाब सावकाश वाढवायचा आणि धार थांबेपर्यंत तो तसाच ठेवायचा. जोर जास्त झाला तर इजा होऊ शकते, म्हणून हे काम पशुवैद्यांनी तुमचे हात धरून शिकवल्याखेरीज करू नये. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ दिसली किंवा तिच्यात रक्त आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी काळजी त्वचेची. फरशीवरून फरफटत गेल्याने घोटे आणि मांड्या सोलवटतात; संवेदना नसल्यामुळे कुत्रा कण्हत नाही आणि जखम आपल्याला उशिरा दिसते. पावसाळ्यात त्यावर माशा बसून अळ्या पडायला वेळ लागत नाही. म्हणून रोज रात्री केस बाजूला सारून अंग तपासावे, लघवीने भिजलेला भाग धुऊन कोरडा करावा आणि अंथरूण जाड ठेवावे.

लुळ्या पायांना आधार म्हणून कुत्र्याला बांधायची चाकांची गाडी सर्वांना आवडते, व्हिडिओही तिचेच निघतात. परंतु तिच्यात कुत्र्याला नीट झोपता येत नाही आणि पट्टे जांघेत काचतात, त्यामुळे सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत, तीही तुमच्या डोळ्यांसमोर.

घरात हे सारे येणारी दुसरी व्यक्ती असायलाच हवी, कारण तुम्ही आजारी पडलात तरी त्याचे मूत्राशय थांबणार नाही. दत्तकपत्रावर सही करण्यापूर्वी तुम्ही दोघांनीही निवाऱ्यात जाऊन, तिथल्या कर्मचाऱ्यांसमोर, आपल्या हाताने ते रिकामे करून पाहावे. जमले नाही, तर आणखी काही दिवस जाऊन शिकावे आणि मगच त्याला घरी आणावे.