अर्ध्या पडद्यावर पवई

(दृश्य: सकाळ. डोंबिवली स्टेशन. गाडी फलाटाला लागते. गर्दीचा आवाज थोडा वेळ तसाच चालू.)

डोंबिवलीच्या गाडीत बसायला मिळणं हा नशिबाचा भाग. पण उभ्याउभ्या मोबाइल डोळ्यांसमोर धरता येईल एवढी जागा काढणं ही कला आहे, आणि या मुलाला ती साधलीये. सॅक पोटावर, एक हात कडीला, दुसऱ्या हातात फोन. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष. फोनवर एक प्राध्यापक फळ्यावर समीकरण लिहितायत. त्यांचा हात जरा जास्तच चपळ वाटतोय, कारण व्हिडिओ पावणेदोनच्या वेगाने पळतोय.

"सर फार सावकाश बोलतात," तो म्हणतो. "आणि घाटकोपरच्या आत संपवायचाय."

व्हिडिओ त्याने काल रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवलाय. गाडीत रेंजचा भरवसा नाही. आम्ही त्याला विचारलं, एवढ्या हजारो व्हिडिओंतून हाच कसा निवडलास? त्याने मान न वळवता उत्तर दिलं. "मॅमच्या वहीत होता."

ती वही आपण पुढे बघणार आहोत. त्याआधी थोडं माझ्याबद्दल.

(दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून कांजूरमार्ग स्टेशनची पाटी.)

मी याच लायनीवर इंजिनिअरिंग केलं, २००६ ते २०१०. इलेक्ट्रॉनिक्स. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, माझा दोनदा राहिला. केटी लागणं, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागणं, आमच्यात काही जगावेगळं नव्हतं, पण माझ्या केटीला झेरॉक्सचाही हातभार होता. आमची सगळी ज्ञानसाधना कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात चालायची. कुठल्या तरी हुशार मुलीच्या वहीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, मग तिचीही झेरॉक्स. लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या पानावर 'ई'च्या घातात 'एटी'च्या आधी एक ऋण चिन्ह होतं. तिसऱ्या पिढीत ते उडालं. उत्तरातलं 'एस अधिक ए' मात्र ठळक राहिलं होतं. मी तो नियम उलटा पाठ केला आणि परीक्षेत मनापासून उलटा लिहिला.

गंमत अशी की त्याच वर्षांत पवईला आयआयटीत कॅमेरे लावून पूर्ण सत्राच्या तासांचं चित्रीकरण चाललं होतं. कांजूरमार्गला उतरून रिक्षा केली की पवई. रोज ते स्टेशन मागे पडायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. मला तर वळसा घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

(दृश्य: पवई. आयआयटीचं प्रवेशद्वार, पलीकडे तलाव.)

अमेरिकेत एमआयटीने आपले अभ्यासक्रम सगळ्यांना फुकट खुले करायचं २००१ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून इंजिनिअरिंगचे तास सगळ्यांना फुकट देणारं एनपीटेल सुरू केलं. पैसा केंद्र सरकारचा. पुढच्याच वर्षी, २० सप्टेंबर २००४ रोजी, इस्रोने खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट आकाशात सोडला. आज फोनवर अंगठ्याने पुढेमागे सरकवता येणाऱ्या तासासाठी तेव्हा उपग्रह, डिश आणि ठरलेली वेळ एवढं सगळं लागायचं.

२०१४ मध्ये एनपीटेलवर परीक्षा आणि प्रमाणपत्र आलं. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम' हे सरकारी व्यासपीठ खुलं झालं. नाव नोंदवून शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं असेल तरच फी. २०२१ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करून त्यांचे क्रेडिट पदवीत धरायची मुभा विद्यापीठांना दिली.

क्रेडिट म्हटलं की आपली पोरं जागी होतात. आठवड्याची असाइनमेंट पडायचा अवकाश, तिची उत्तरं मोबाइलच्या ग्रुपवर फिरायला लागतात. आपल्या नायकानेही ती कधीमधी घेतलीत, आणि कॅमेऱ्यासमोर हसत कबूल केलंय. पण शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. तिथे ग्रुप उपयोगाचा नाही.

(दृश्य: घाटकोपर. पुलावरून मेट्रोकडे धावणारी माणसं. कट: कॉलेजची कॉम्प्युटर लॅब.)

मेट्रोच्या त्या टोकाचं हे कॉलेज. लॅबमध्ये एसी आहे, तो मशिनांसाठी. मुलांच्या अंगात स्वेटर.

आता या पडद्याकडे नीट बघा. डाव्या अर्ध्यात एक व्हिडिओ आहे, उजव्या अर्ध्यात सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर. व्हिडिओत कुणाचाही चेहरा नाही. फक्त कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा पडदा आणि मराठीत बोलणारा एक आवाज. आवाज मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे, कशी लिहायची ते सांगतो, मुलगी व्हिडिओ थांबवते, उजवीकडे टाइप करते, एंटर मारते. मॅट्रिक्सऐवजी एकच लांब ओळ येते. अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम पडलाय, म्हणून ओळी वेगळ्या झाल्याच नाहीत. ती दहा सेकंद मागे जाते, पुन्हा ऐकते, दुरुस्त करते. आता मॅट्रिक्स येते. "आली!" असं ती स्वतःशीच म्हणते.

हे स्पोकन ट्युटोरियल. पवईतच प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं काम. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. यातली मेख त्या दहा मिनिटांच्या आधी आहे. प्रत्येक धड्याची संहिता आधी लिहून काढतात, वाक्यागणिक वेळ नोंदवतात, आणि ते सॉफ्टवेअर न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. जाणकार चालत नाही, कारण मधली गाळलेली पायरी तो मनातल्या मनात भरतो आणि त्याला ते कळतही नाही. नवखा तिथेच अडतो. तो अडला की संहिता बदलायची.

मराठीचा हिशेबही विचार करून मांडलेला आहे. भाषांतर होतं ते फक्त आवाजाचं. पडद्यावरचे मेनू, बटणं, कमांड सगळं इंग्रजीतच राहतं, कारण उद्या नोकरीवर समोर तोच इंग्रजी मेनू येणार. म्हणजे समजायचं मराठीतून आणि बोट ठेवायचं इंग्रजी शब्दावर. मुंबईचं पोर तसंही दिवसभर हेच करत असतं. मला विचाराल तर तांत्रिक शिक्षण मराठीत आणायच्या चर्चांमध्ये जे जड पारिभाषिक शब्द घडवले जातात, त्यांच्यापेक्षा ही तडजोड शहाणी आहे. अर्थात हे झालं सॉफ्टवेअरपुरतं. थर्मोडायनॅमिक्स दहा-दहा मिनिटांत चिरून मिळत नाही.

याच मंडळींचा दुसरा प्रकल्प फॉसी, म्हणजे शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर. आमच्या वेळी मॅटलॅब हे विकतचं गणिती सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरायचं आणि ते कुठून आलं हे कुणी विचारायचं नाही. फॉसीवाल्यांनी सायलॅब पुढे केलं आणि मुलांनाच कामाला लावलं. नेहमीचं एखादं पाठ्यपुस्तक घ्यायचं, त्यातली सोडवलेली सगळी उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून काढायची. ती तपासून सगळ्यांसाठी खुली होतात आणि लिहिणाऱ्याला मानधन मिळतं. पुस्तकातलं उत्तर चुकलंय हे अशा वेळी लक्षात येतं. माझी लाप्लासची झेरॉक्स कुणी अशी तपासायला हवी होती.

(दृश्य: लॅमिंग्टन रोड. दुकानांच्या काचेमागे सुटे भाग, वायरींची भेंडोळी.)

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाची दुसरी शाळा म्हणजे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर आता दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, बोलण्यात लॅमिंग्टनच.

"काका, सेव्हन एट झिरो फाइव्ह आहे?"

"किती देऊ?"

संवाद संपला. ७८०५ म्हणजे व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारा तीन पायांचा भाग. कुठली पिन कशाची, हे काका सांगत नाहीत, आणि पोरंही विचारत नाहीत. गिऱ्हाइकं रांगेत असतात. मुलगा काउंटरवर उभ्याउभ्याच फोनवर त्या भागाचं डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, उघडतो. हे मला फार आवडलं. ऑनलाइन शिक्षण म्हटलं की सगळे व्हिडिओच मोजतात. पण कंपनीने फुकट ठेवलेलं, आकृत्या आणि तक्त्यांनी भरलेलं डेटाशीट वाचता येणं हे निम्मं इंजिनिअरिंग आहे, आणि अभ्यासक्रमात त्याला धड एक तासही नसतो.

माझा अनुभव सांगतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ७८०५ मिळाला नाही म्हणून मी एलएम३१७ आणला. दोघेही व्होल्टेज रेग्युलेटर, दोघांना तीन पाय, दोघांची अंगकाठी सारखी, पाठीला भोक असलेली पत्रीसुद्धा तशीच. एका सीनियरने सांगितलं, "सेमच आहे, लाव." ७८०५ ला पहिल्या पायावर वीज आत येते, मधला पाय जमिनीला, तिसऱ्यातून पाच व्होल्ट बाहेर. एलएम३१७ चा पहिला पाय व्होल्टेज ठरवण्याचा, मधला बाहेर जाणारा, आणि वीज आत घ्यायची तिसऱ्यातून. मी जुन्याच खाचेत नवा भाग बसवला. वास आला. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दोन दिवसांवर होती. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर चित्र होतं, ते मी नंतर पाहिलं.

(दृश्य: मटेरियल टेस्टिंग लॅब. उंच यंत्राच्या जबड्यात पोलादाची कांडी. लॅबचे मामा चाक फिरवून ती घट्ट करतात.)

पडद्यावर काय मिळत नाही, तेही बघून घेऊ. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा प्रॅक्टिकल कुठे करणार? केंद्र सरकारच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या 'व्हर्च्युअल लॅब्स' तेव्हा कामाला आल्या. पोलादाची कांडी ताणायचा प्रयोगही मुलांनी माउसने केला. आलेख आला, जर्नलात उतरवला, सबमिशन झालं.

खरा प्रयोग असा असतो. मामा बटण दाबतात. बराच वेळ काहीच होत नाही, काटा तेवढा चढतो. मग काटा अडखळतो, किंचित मागे येतो. पोलाद नमलं. पुन्हा भार चढतो, आणि कांडीच्या मध्यावर एक कंबर दिसायला लागते. ती बारीक होत जाते. मागे उभी असलेली मुलं नकळत पुढे सरकतात.

(आवाज: ताडकन तुटल्याचा. शांतता. मग हशा.)

मामा तुटलेला तुकडा पुढे करतात. "हात लावून बघा. गरम लागतंय?" लागतं. एका तुकड्याचं टोक वाटीसारखं खोल, दुसऱ्याचं शंकूसारखं. पाठ्यपुस्तकातली आकृती हातात आल्यावर मुलं ती एकमेकांना देत राहतात. टाळेबंदीत माउसने कांडी तोडलेल्या बॅचला वहीवाल्या मॅडमनी कॉलेज उघडल्यावर एका शनिवारी बोलावून हा प्रयोग पुन्हा दाखवला होता. गुण नव्हते, हजेरी नव्हती. तरी बरीच मुलं आली, असं मामा सांगतात.

(दृश्य: स्टाफ रूम. टेबलावर पेपरांचे गठ्ठे, चहाचा कप, निळ्या पुठ्ठ्याची फुलस्केप वही.)

तर, या मॅडम. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा त्या पवईच्या एका शिक्षक कार्यशाळेला बसल्या. बसल्या म्हणजे पवईत नव्हे. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना शिकवायचा उपक्रम तेव्हा चालू होता. शिकवणारे पवईत आणि शिक्षक देशभरच्या कॉलेजांमधल्या केंद्रांवर, पडद्यासमोर.

"मी पहिल्यांदा विद्यार्थिनी म्हणून पडद्यासमोर बसले," मॅडम सांगतात. "चाळीस मिनिटांनी माझं लक्ष उडालं. मी स्वतः शिक्षिका, मला हवा होता तो विषय, तरी उडालं. मग मुलांचं काय होत असेल?"

तेव्हापासून ही वही. पानावर चार रकाने आखलेत. विषय, कुणाचं व्याख्यान, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा आहे. 'आकृती छान, बोलणं तुटक.' 'हे आधी बघू नये, घाबरतील.' 'इथे चिन्हाची पद्धत आपल्या पुस्तकाच्या उलट आहे, वर्गात सांगणे.' एका ठिकाणी नुसतंच, 'रडवणारं, पण खरं.'

एका तासाच्या व्याख्यानातून त्या कधी आठ मिनिटं उचलतात, कधी तीन. बाकीचं वाईट असतं म्हणून नव्हे. उद्या वर्गात कोण कुठे अडणार हे त्यांना माहीत असतं, आणि त्या प्राध्यापकांना या वर्गाची काय कल्पना? यासाठी त्यांना रात्रीचे तास घालावे लागतात. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये या कामाला रकाना नाही. "रकाना नाही ते बरंय," मॅडम म्हणतात, "नाहीतर दर महिन्याला एवढी मिनिटं भरा म्हणतील."

हे सगळं एक्सेलमध्ये टाकून मुलांना लिंक का देत नाही, असं मी विचारलं. एकदा दिली होती, म्हणे. सगळ्यांनी सेव्ह केली आणि कुणी उघडली नाही. वही मागायला मात्र स्टाफ रूममध्ये यावं लागतं. आला की त्या विचारतात, "काय अडलंय?"

(दृश्य: कॉलेजबाहेरची गल्ली. झेरॉक्सचं दुकान. मशिनचा हिरवा प्रकाश.)

संध्याकाळचे साडेपाच. सकाळचा आपला मुलगा निळी वही उघडून काउंटरवर ठेवतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.

"कुठलं पान?"

"हे दोन. आणि काका, जरा डार्क काढा. मिनिटांचे आकडे दिसले पाहिजेत."

(मशिनचा आवाज. पडदा काळा.)