देवदूत आणि टिचबटणं

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘पवित्र प्रतिमा, कलात्मक छायाचित्रण आणि बाळाचे कपडे’. तो कळवला तेव्हा माझी नात दोन महिन्यांची होती, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

झालं असं. माझ्याकडे एका दगडी देवदूताचा फोटो आहे. सकाळचं तिरकं ऊन, एक गाल उजेडात, दुसरा सावलीत, पंखांवर छिन्नीचे घाव मोजता येतील असे. त्यासाठी मी तीन पहाटा घालवल्या. पण आजोबा झालं की माणूस वाहवतो. तो फोटो मी झबल्यावर छापायला धाडला. पडद्यावरचा नमुना झकास होता, कारण त्या झबल्यात बाळ नव्हतं.

पार्सल उघडलं, तर काखेपासून पंखाच्या मधोमध पांढरी फट! मग अभ्यास केला. ही सब्लिमेशनची छपाई. दोनशे अंशांच्या आसपास तापवून दाबलं की कागदावरच्या शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. शिवलेल्या कपड्याला दाबताना काखेत चुणी राहिली, की तिच्या पोटात वाफ पोचत नाही. तेवढं कापड कोरं. शिवाय ही शाई धरते पॉलिस्टरला, सुती कापडाला नाही. सुनेनं लेबल वाचून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तो फोटो काढायचा राहिला.

तरी एकदा घातलंच. देवदूताचा चेहरा नेमका पोटावर आला. दुधाआधी तपस्वी, दुधानंतर गालगुंड झालेला. आणि त्याची तुतारी गेलेली खाली टिचबटणांपर्यंत. लंगोट बदलायचा म्हटलं की तिचे दोन तुकडे. हसा, हसा, तीन पहाटा तुमच्या गेल्या नाहीत.

इथं एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला नमस्कार केल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. 1863 च्या डिसेंबरात, वयाच्या 48 व्या वर्षी, लेकीजावयानं तिला कॅमेरा दिला. बाईनं घरच्या मोलकरणीला, मेरी हिलियरला, मदर मेरी करून टाकलं! एकेका फोटोला मिनिटं लागायची. इतका वेळ कुठलं मूल स्थिर बसणार? हललं की पुसट. त्या पुसटपणावरून समीक्षकांनी तिला झोडपलं. 1865 साली तिनं युक्ती केली म्हणा: स्वतःचा सव्वादोन वर्षांचा नातू झोपलेला असताना त्यालाच बाळ येशू केलं आणि मेरीला त्याच्यावर ओणवं बसवलं. नातवंडांचा असा उपयोग करणारा मी पहिला नाही, एवढंच मला...

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं. मूळ मुद्दा राहिलाच, तो आता भराभर.

हे चित्र कुणासाठी? बाळासाठी नक्कीच नाही. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच जरा नीट दिसतं, आणि स्वतःच्या पोटावरचं दिसलंच तर उलटं. चित्र असतं बाळाला घेणाऱ्यासाठी, भेटणाऱ्यासाठी. बाळ खांद्यावर असतं तेव्हा छाती दबलेली, जगाला दिसते पाठ. म्हणून चित्र पाठीवर, आणि लहान.

ज्याची आपण पूजा करतो त्याचा चेहरा मात्र मी छापणार नाही. कुणी म्हणेल, बाळाहून पवित्र जागा कुठली? मान्य. पण चेहरा ताणला की व्यंगचित्र होतं, आणि लाळेची, शी-शूची पाळी आपल्या श्रद्धेवर का आणावी? हात घ्या, पंख घ्या, रंगीत काचेची खिडकी घ्या. शिशाच्या पट्ट्यांनी ती आधीच तुकड्या-तुकड्यांत असते, चुणी पडली तरी तिचं काही बिघडत नाही. कापड सुती, त्यावर थेट छापलेली पाण्यातली शाई. रबरासारखा जाड थर नको. तो तडकतो आणि हवा अडवतो.

दुसरं झबलं मी असंच करून घेतलं: खिडकीचा निळा-तांबडा तुकडा, पाठीवर. पहिल्याच दिवशी नातीला खांद्यावर घेतलं. तिनं गुळणी काढली ती माझ्या शर्टावर. खिडकी कोरडी.