पुलावरची गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

मूल सकाळी उठल्या उठल्या उलटी करतं आणि तासाभरात पुन्हा खेळायला लागतं. पित्त झालं असेल, असं म्हणून आपण सोडून देतो. मग कधीतरी एक डोळा तिरळा दिसतो, चालताना तोल जातो, आणि तेव्हा कुठे एमआरआय होतो. ब्रिटनमध्ये डॉक्टर, संशोधक आणि देणग्यांवर चालणारी एक संस्था यांनी 2011 साली ‘हेडस्मार्ट’ मोहीम काढली. केलं काय, तर लक्षणांची छोटी कार्डं छापून वाटली. मेंदूच्या गाठीचं निदान व्हायला पूर्वी चौदा आठवडे लागायचे, ते सातच्या आत आले.

पण लवकर कळूनही हात बांधलेलेच राहतात, असा एक प्रकार आहे. डीआयपीजी म्हणतात या कर्करोगाला. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग असतो. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. गिळणं, श्वास, डोळ्यांची हालचाल, सगळ्यांचे निरोप तिथूनच जातात. ही गाठ तिथे गोळा होऊन बसत नाही, पिठात मीठ मिसळावं तशी पसरते. शस्त्रक्रिया करून काढणार काय? रेडिएशननं काही महिने उसंत मिळते. बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत.

कित्येक दशकं या गाठीचा तुकडा काढायचा नाही, असाच शिरस्ता होता. एमआरआयवर निदान होतंय, तर एवढ्या नाजूक जागी सुई कशाला? डॉक्टरांचं म्हणणं गैर नव्हतं. पण त्यामुळे प्रयोगशाळेत तपासायला काही उरतच नव्हतं. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा पालकांचा. मूल गेल्यावर काही तासांच्या आत गाठ दान करण्याच्या कागदावर त्यांनी सह्या केल्या. त्या सहीपुढे माझ्यापाशी शब्द नाहीत. अशा दानातून आणि मोजक्या बायॉप्सींमधून, म्हणजे सुईनं काढलेल्या तुकड्यांतून, 2012 साली कळलं, की बहुतेक गाठींमध्ये एच3 या हिस्टोन प्रथिनात, म्हणजे ज्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यात, नेमक्या एकाच जागी बिघाड असतो.

आता औषध कंपन्या. रुग्ण थोडे म्हणजे विक्री थोडी. कंपनीला नावं ठेवून हे गणित बदलत नाही, ते कायद्यानं बदलावं लागतं. अमेरिकेत 2017 साली तसा कायदा झाला आणि ऑगस्ट 2020 पासून लागू झाला. मोठ्यांच्या कर्करोगावरचं नवं औषध ज्या रेणूवर काम करतं, तो मुलांच्या कर्करोगातही महत्त्वाचा असेल, तर मुलांमध्येही अभ्यास करणं कंपनीला भाग आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये तिथे डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला सशर्त मंजुरी मिळाली, त्याच बिघाडाच्या गाठी उपचारांनंतर पुन्हा वाढल्या तर देण्यासाठी. लहानमोठे मिळून पन्नास रुग्ण तपासले होते, डीआयपीजीचे रुग्ण मात्र त्यांत धरले नव्हते. त्या पन्नासांतल्या 22 टक्क्यांच्या, म्हणजे अकरा जणांच्या गाठी आटल्या. हा इलाज नव्हे. पण जिथे फारसं काही आटत नव्हतं, तिथे अकरा.

पुढची मोठी चाचणी अनेक देशांत घ्यावी लागते, कारण एका देशात पुरेसे रुग्णच मिळत नाहीत. प्रत्येक देशाची नीतिसमिती वेगळी, संमतीपत्रं वेगळी, औषध आयातीचे परवाने वेगळे. मुलाच्या हातात काही महिने असतात, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकायला बरेचदा तेवढेच लागतात.