जवारीच्या वेळी रेडिओ गप्प

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. भोपळे, दांड्या, लाकडाचा भुसा.)

वाद्याच्या कारखान्यात संगणकावरचा इंटरनेट रेडिओ दिवसभर चालला तरी कुणाची हरकत नसते. पण घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरू लागली, की तो बंदच हवा. जवारी, म्हणजे घोडी घासून तारेत आणलेला झंकार, कानाने काढतात. भुशाने माखलेले हात घेऊन प्रत्येक वेळी संगणकापाशी कोण जाणार? रेडिओ फोनवरून थांबला पाहिजे.

दोन जीबी रॅमचा अडगळीतला संगणक पुरतो. त्यावर डेबियन ही मुक्त लिनक्स प्रणाली, आणि डेबियनवर एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डेमन. याला खिडकी नाही, बटणं नाहीत. तो मागे बसून वाजवतो आणि ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर हुकमाची वाट पाहतो. हुकूम देणारा एमपीसी सोबत बसवून घ्या.

स्टेशनचे पत्ते रेडिओ ब्राउझर या खुल्या यादीत मिळतात. पत्त्याच्या शेवटी एम-थ्री-यू किंवा पीएलएस दिसलं, तर ते स्टेशन नव्हे, स्टेशनचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तिथे एमपीसीचा 'ॲड' हा हुकूम चालत नाही, 'लोड' द्यायचं. ६४ केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण २९ एमबी खातं, १२८चं दुप्पट. फोनच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

(दृश्य: पडद्यावर 'प्ले', स्पीकर मुका.)

बहुतेक जण अडकतात ते इथे. डेबियनवर एमपीडी स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो आणि आवाजाची सूत्रं असतात लॉगिन केलेल्या माणसाच्या पाइपवायरकडे, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे. त्यामुळे ऑडिओ आउटपुट उघडतच नाही. स्पीकरच्या वायरी उपसून काही होत नाही. सिस्टिमची एमपीडी सेवा बंद करा, तिच्यासाठी पोर्ट धरून बसणारं सॉकेटही. नाहीतर ६६०० अडलेलंच राहतं. मग कॉन्फिग फाइल आपल्या होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये, एमपीडी नावाच्या फोल्डरात ठेवा. तिच्यातली 'युजर'ची ओळ काढा, डेटाबेस वगैरेंचे मार्ग घरचे करा, आउटपुटला पाइपवायर लिहा आणि तीच सेवा युजरच्या नावाने सुरू करा.

फोनसाठी त्याच फाइलीत 'बाइंड टू ॲड्रेस'समोरचं लोकलहोस्ट, म्हणजे 'फक्त हाच संगणक', काढून 'एनी' करायचं. पासवर्डची ओळही भरा, नाहीतर वायफायवरचा कुणीही स्टेशन बदलेल. अँड्रॉइडवर एम.ए.एल.पी. हे मुक्त ॲप आहे. त्यात संगणकाचा आयपी आणि तो पासवर्ड टाकला, की झालं.

आता जवारी. तेव्हा 'पॉज' नको, 'स्टॉप' दाबा. पॉज लांबला, की पलीकडचा सर्व्हर जोडणी तोडतो. 'स्टॉप'नंतरचं 'प्ले' नव्याने जोडतं आणि थेट चालू कार्यक्रमात नेऊन सोडतं.

(दृश्य: अंगठा 'स्टॉप'वर. फक्त तार वाजते.)